मनगटावरची इलेक्ट्रॉनिक्स शिकताय? आधी बॅटरीचा हिशोब, मग डिस्प्ले, मग सेन्सर

बरेच जण विचारतात की मला स्मार्टवॉचसारखं काहीतरी स्वतः करून बघायचंय, किंवा निदान हे सॉलिड-स्टेट बॅटरी, मायक्रोएलईडी वगैरे जे सगळीकडे कानावर पडतं ते नीट समजून घ्यायचंय, तर सुरुवात कुठून करू. आणि बहुतेकांची सुरुवात डिस्प्लेपासून होते, कारण डिस्प्ले दिसतो, छान दिसतो, पहिल्या संध्याकाळीच त्यावर नाव झळकतं आणि मग पुढे सगळं अडतं. माझं पण तसंच झालं होतं. आता इतकी वर्षं हे करून माझं ठाम मत झालंय की बॅटरी, डिस्प्ले आणि सेन्सर हे तीन वेगळे विषय नाहीतच, हा एकाच बटव्यातून होणारा खर्च आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं, आणि अंथरूण म्हणजे बॅटरी. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

पायरी १: एमएएच वाचायला शिका

सेलवर २५० एमएएच (मिलीअँपिअर-अवर) लिहिलंय म्हणजे २५० मिलीअँपिअर करंट एक तास मिळेल, किंवा १ मिलीअँपिअर २५० तास, ढोबळमानाने. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण वेगळ्या केमिस्ट्रीचे दोन सेल शेजारी ठेवले की एमएएचवर जाऊ नका, तिथे वॅट-अवर बघायचे, म्हणजे एमएएच गुणिले व्होल्टेज भागिले १०००. नेहमीच्या लिथियम-आयनचं सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात, मग २५० एमएएचचे झाले ०.९२५ वॅट-अवर. तेच २५० एमएएच लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये असतील तर व्होल्टेज ३.२, म्हणजे ०.८ वॅट-अवरच. विमानात पॉवर बँक नेताना १०० वॅट-अवरची मर्यादा असते ना, ती पण याच गणिताने काढायची, २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर होते आणि २७,००० एमएएच झाली की आपण अगदी काठावर येतो.

आता खरा हिशोब. समजा तुम्हाला घड्याळ एका चार्जवर सात दिवस चालवायचंय. सात दिवसांचे तास १६८. सेल २५० एमएएचचा, पण तो पार तळापर्यंत कधीच वापरायचा नाही, थंडीत आणि जुना झाल्यावर तो कमीच देतो, म्हणून ८० टक्के धरू, २०० एमएएच. २०० भागिले १६८, साधारण १.१९ मिलीअँपिअर. बस, एवढंच तुमच्या हातात आहे. डिस्प्ले, सेन्सर, ब्लूटूथ, प्रोसेसर सगळ्यांचं मिळून दिवसरात्रीचं सरासरी १.१९ मिलीअँपिअर. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा, खरंच चिकटवा, कारण पुढची प्रत्येक खरेदी याच आकड्याला विचारून करायचीय.

पायरी २: सेल कसा ओळखायचा, आणि "नवीन बॅटरी" म्हणजे नक्की काय नवीन

घालण्याच्या वस्तूंमध्ये बहुतेक वेळा चपटा पाऊच सेल असतो, चंदेरी पाकिटासारखा. त्याच्यावर ५०२०३० असा आकडा असतो तो मॉडेल नंबर वाटतो, पण ते माप आहे: जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी २०, लांबी ३०. दंडगोल १८६५० म्हणजे व्यास १८, लांबी ६५. बटण सेल सीआर२०३२ म्हणजे व्यास २०, जाडी ३.२. एकदा हे कळलं की केसमध्ये काय बसेल ते दुकानात उभं राहूनच सांगता येतं. हा सीआर बटण सेल चार्ज होत नाही हे लक्षात ठेवा, आणि त्याचा अंतर्गत रोध जास्त असतो, म्हणजे एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. त्यामुळे वायफायवाला बोर्ड बटण सेलवर चालवायचा प्रयत्न करू नका, दर वेळी सिग्नल पाठवताना रीसेट होत बसेल. ब्लूटूथ लो एनर्जीचा बीकन, म्हणजे अधूनमधून छोटा सिग्नल सोडणारं यंत्र, असेल तर मात्र उत्तम चालतो, महिनोन् महिने.

आता नव्या बॅटऱ्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. लिथियम-आयन सेल म्हणजे थरांची चळत. एका बाजूला धातूचं ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट (या बाजूला ॲनोड म्हणतात), मध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयनांना वाट देणारा द्रव, आणि एक पातळ पडदा, आणि लिथियमचे आयन चार्ज करताना एकीकडून दुसरीकडे जातात, वापरताना परत येतात. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी आयन असे थरांमध्ये शिरतात-निघतात यावर पहिली बॅटरी उभी केली, १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणलं, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धातूरूप लिथियम काढून टाकून जास्त सुरक्षित सेल बनवला, आणि १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सांगायचं कारण असं की आज तुमच्या हातातला सेल मुळात तीच चळत आहे, आणि बॅटरीची कुठलीही नवी बातमी आली की फक्त एक प्रश्न विचारायचा, यांनी यातला कुठला थर बदललाय?

सिलिकॉन-कार्बन बॅटरी म्हटलं की ग्रॅफाइटचा थर बदललाय. ग्रॅफाइट एका ग्रॅमला जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवतं, सिलिकॉनची तात्त्विक क्षमता ३,५०० च्याही वर आहे, जवळजवळ दसपट. मग सगळीकडे सिलिकॉन का नाही? तर लिथियम आत घेताना सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट होतं, परत आकसतं, आणि या फुगण्या-आकसण्यात त्याचा भुगा होतो. म्हणून सच्छिद्र कार्बनच्या आत सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण बसवतात, फुगायला आत जागा ठेवून. मला वाटतं नवख्यांनी सगळ्यात जास्त लक्ष याच बदलाकडे द्यावं, कारण हा आलेला आहे, प्रयोगशाळेत अडकलेला नाही. २०२१ च्या व्हूप ४.० या फिटनेस पट्ट्यात सिला या कंपनीच्या सिलिकॉन ॲनोडवाली बॅटरी होती, आणि २०२३ पासून सिलिकॉन-कार्बनवाले फोन यायला लागले.

सॉलिड-स्टेट म्हणजे द्रव इलेक्ट्रोलाइटच्या जागी घन. आग लागण्याचा धोका कमी होतो आणि ॲनोडला थेट लिथियम धातू वापरायची वाट उघडते, पण घनाला घन चिकटून राहणं अवघड, सेल आकसला-फुगला की मध्ये फट पडते आणि आयनाचा रस्ताच तुटतो. मोठ्या गाडीच्या बॅटरीत हे जमवणं कठीण आहे, नखाएवढ्या सेलमध्ये तुलनेने सोपं, म्हणून इअरबड आणि घड्याळांकडे आधी बघा. २०२४ मध्ये टीडीके या जपानी कंपनीने अशाच छोट्या उपकरणांसाठी लिटरला १,००० वॅट-अवर घनतेच्या सॉलिड-स्टेट मटेरियलची घोषणा केली होती. सोडियम-आयनमध्ये तर आयनच बदललाय, सोडियम मुबलक आहे, तांब्याच्या फॉइलऐवजी दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं, थंडीत चांगलं काम करतं, पण आयन मोठा आणि जड, त्यामुळे तेवढ्याच जागेत ऊर्जा कमी. घराच्या साठवणुकीला, स्वस्त गाडीला ठीक. मनगटाला नाही, तिथे घनमिलिमीटर मोजून मिळतात.

पायरी ३: चार्जिंग, इथे घाई करू नका

हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण इथे चूक झाली तर नुसता पार्ट जळत नाही, टेबल पेटू शकतं.

माझा पहिला मनगटी पट्टा १५० एमएएचच्या पाऊच सेलवर होता. चार्जिंगला टीपी४०५६ चिपचं ते सगळीकडे मिळणारं छोटं मॉड्युल लावलं, लाल दिवा लागला, थोड्या वेळाने निळा लागला, मला वाटलं झालं काम. चार-पाच चार्जनंतर पट्ट्याचं झाकण नीट बसेना. मी स्क्रू आवळत होते. मग झाकण काढलं तर सेल पोट फुगल्यासारखा झाला होता, कडेची शिवण ताणलेली, आणि बोटाने हलकं टेकवलं तर आत उशीसारखं दबत होतं. त्या फुगलेल्या सेलवर मी स्क्रू आवळत होते हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

चूक माझीच होती, डेटाशीट, म्हणजे त्या पार्टचं माहितीपत्रक, वाचली नव्हती. त्या मॉड्युलवर एक बारीकसा रेझिस्टर असतो, त्यावर भिंगातून बघितलं तर १२२ असं दिसतं, म्हणजे १.२ किलोओहम, आणि त्या किमतीला ती चिप १ अँपिअरने चार्ज करते. १,००० एमएएचच्या वरच्या सेलला ते ठीक आहे. १५० एमएएचच्या सेलला मी क्षमतेच्या जवळजवळ सातपट करंट कोंबत होते. एवढ्या वेगाने लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळच मिळत नाही, तो वरच धातू बनून बसतो, सेल तापतो, इलेक्ट्रोलाइट मोडतो आणि गॅस होतो. म्हणून नियम असा की छोट्या सेलला चार्जिंग करंट क्षमतेच्या निम्मा ठेवायचा, २५० एमएएचला १२५ मिलीअँपिअर. तो १२२ वाला रेझिस्टर काढून जागेवर १० किलोओहमचा, म्हणजे १०३ लिहिलेला लावला की करंट १३० मिलीअँपिअरच्या आसपास येतो. दोन मिनिटांचं सोल्डरिंग आहे.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. नेहमीचा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, आयर्न फॉस्फेट ३.६५ ला, सोडियम-आयनचा आकडा त्याच्या डेटाशीटवरूनच घ्यायचा, आणि एकाचा चार्जर दुसऱ्याला कधीच लावायचा नाही. शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही. संरक्षण सर्किट असलेलाच सेल घ्यायचा, पिवळ्या टेपखाली बारीक हिरवी पट्टी असते ती. आणि कनेक्टर! पांढरा दोन पिनांचा कनेक्टर सगळीकडे सारखाच दिसतो, पण लाल तार कुठल्या बाजूला यावी याचा एकच असा नियम सगळे विक्रेते पाळत नाहीत, त्यामुळे नवीन सेल आला की बोर्डावर टोचायच्या आधी मल्टिमीटरने प्लस-मायनस बघायचं, दर वेळी, त्याच दुकानातून आणलेला असला तरी. सेल फुगला तर टोचायचा नाही, दाबायचा नाही, टोकांना टेप लावून मोकळ्या हवेत वाळूच्या डब्यात ठेवायचा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.

पायरी ४: डिस्प्ले, सुंदर कुठला यापेक्षा कायम काय दिसायला हवंय

कागदावरचा १.१९ आठवा. ०.९६ इंचाचा छोटा ओलेड, ज्याच्यावर सगळे शिकतात, तो भरपूर पिक्सेल पेटवले तर २० मिलीअँपिअरपर्यंत खातो. कायम चालू ठेवला तर २५० एमएएचचा सेल अर्ध्या दिवसात संपला. तोच डिस्प्ले मनगट वळवल्यावरच लावला, दिवसातले ३ टक्के, म्हणजे ४३ मिनिटं, तर सरासरी ०.६ मिलीअँपिअर. अर्धा बटवा गेला तरी पण चालतं. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो, काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर बारीक आकडे ठेवले की खर्च अजून उतरतो. हे ओलेड १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ सेंद्रिय थर एकावर एक ठेवून व्यवहारात आणण्यासारखं केलं, आणि निळ्या पिक्सेलचं लवकर म्हातारं होणं ही त्याची दुखरी नस अजून आहे. म्हणून एकाच जागी कायम तेच चित्र ठेवू नका.

महागड्या घड्याळांत ओलेड कायम चालू कसा राहतो मग? तिथे एलटीपीओ नावाचा पाठीमागचा ट्रान्झिस्टरचा थर असतो. साध्या पडद्यात ट्रान्झिस्टरमधून चार्ज हळूहळू गळतो म्हणून चित्र सेकंदाला ६० वेळा परत लिहावं लागतं, एलटीपीओमध्ये गळती इतकी कमी की सेकंदाला एकदा लिहिलं तरी चित्र टिकतं. २०१९ च्या ॲपल वॉच सिरीज ५ मध्ये हेच करून वेळ कायम दिसती ठेवली होती.

आपल्यासारख्यांनी मात्र मेमरी एलसीडी घ्यावी असं मी सांगेन, घड्याळ करायचं असेल तर पहिली पसंती तीच. त्यात प्रत्येक पिक्सेलखाली एक छोटी मेमरी असते, चित्र एकदा लिहिलं की ते धरून ठेवतो, मागे दिवा नाही, बाहेरचा उजेड परावर्तित करूनच दिसतो, त्यामुळे भर उन्हात सगळ्यात छान दिसतो आणि खर्च मायक्रोवॅटमध्ये मोजायचा. २०१३ चं पेबल घड्याळ यावरच होतं. एकच गोष्ट नवख्यांना माहीत नसते, त्याच्यावर एक सिग्नल ठरलेल्या वेगाने सतत उलटसुलट करत राहावा लागतो, प्रोसेसर झोपला तरी. तो थांबला की द्रव स्फटिकांवर एकाच दिशेचं व्होल्टेज बसून राहतं आणि पडदा हळूहळू डागाळतो. वेग किती ते तुमच्या पडद्याच्या डेटाशीटमध्ये असतं, तेवढं पान वाचाच.

ई-पेपरमध्ये गंमत अशी की चित्र टिकवायला करंट लागतच नाही. केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कॅप्सूलमध्ये काळे आणि पांढरे कण विरुद्ध विद्युतभाराचे असतात, व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो आणि तिथेच बसून राहतो, बॅटरी काढून टाकली तरी. एमआयटीतून हे काम बाहेर पडून १९९७ मध्ये ई इंक कंपनी झाली. पण बदलायला वेळ लागतो, पूर्ण रीफ्रेशला पडदा दोन-तीन सेकंद लुकलुकतो, आणि नुसता भाग बदलत राहिलात तर जुन्या आकड्यांची सावली मागे उरते, म्हणून मधूनमधून पूर्ण रीफ्रेश करायचा. मिनिटाला एकदा बदलणाऱ्या घड्याळाला चालेल, सेकंदकाटा विसरा.

मायक्रोएलईडीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडं. ओलेडसारखंच, पण पिक्सेल असेंद्रिय, गॅलियम नायट्राइडसारख्या पदार्थांचे, त्यामुळे खूप उजळ आणि दीर्घायुषी. अडचण ते बनवण्यात आहे, लाखो सूक्ष्म एलईडी, ज्या चकतीवर ते बनतात त्या वेफरवरून उचलून पडद्यावर नेमके बसवायचे. ४ लाख एलईडी असतील आणि ९९.९९ टक्के बरोबर बसले तरी ४० बिघडलेले राहतात, आणि डोळ्याला एकही खटकतो. २०२५ मध्ये गार्मिनने मायक्रोएलईडीवालं घड्याळ आणलं, ४ लाखांहून जास्त एलईडींचं, झगझगीत, पण कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे त्याच मालिकेतल्या एमोलेड (ओलेडचाच एक प्रकार) घड्याळापेक्षा ते एका चार्जवर निम्म्याहून कमी दिवस चालतं. शिकायला म्हणून हा पडदा हातात मिळायला अजून वेळ आहे, थांबून राहू नका.

पायरी ५: सेन्सर, कमी पण नीट

पहिला सेन्सर हालचालीचा घ्या, ॲक्सेलेरोमीटर. स्वस्त, काही मायक्रोअँपिअरवर चालतो, आणि मनगट वळवल्यावर पडदा लावायचं काम तोच करतो, म्हणजे स्वतःचा खर्च स्वतःच भरून काढतो.

मग नाडीचा. मागून हिरवा दिवा चमकतो ना, तो हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन चांगला शोषतं, प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, तेवढाच फरक मोजायचा. रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल आणि इन्फ्रारेड असे दोन दिवे लागतात, कारण ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन त्या दोन रंगांना वेगवेगळं शोषतं, ही कल्पना १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांची.

करून बघा: मॅक्स३०१०२ या नाडी-सेन्सरचं मॉड्युल टेबलावर ठेवा, बोट ठेवा आणि स्क्रीनवर आलेख काढा. हलकं टेकवलं की सुंदर लाट दिसते, एक मोठा उंचवटा आणि उतारावर एक छोटा. आता बोट जोरात दाबा. लाट सपाट होत जाते, कारण तुम्ही केशवाहिन्याच दाबून बंद केल्यात. परत सैल करा, येते. मग बोट तसंच ठेवून वरचा ट्यूबलाइट बंद-चालू करा आणि आलेख कसा उडी मारतो बघा. ही दहा मिनिटं खर्च केलीत की पट्टा फार घट्ट नको, फार सैल नको, मनगटाच्या हाडाच्या जरा वर हवा, आणि सेन्सरभोवती काळ्या फोमची चौकट हवी, हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

गडद कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं आणि त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे गंभीरपणे घ्या, घरच्या आजारी माणसाचा निर्णय अशा पट्ट्यावर घेऊ नका. आणि सुई न टोचता साखर मोजतो म्हणणारी घड्याळं, अंगठ्या, त्यांच्या वाटेला जाऊच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, स्पष्ट सांगितलं होतं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतेल.

नाडी सतत मोजायची गरज नसते. दर दहा मिनिटांनी वीस सेकंद मोजली तर सेन्सर ३.३ टक्के वेळच चालू, तेव्हा २ मिलीअँपिअर खात असेल तर सरासरी ०.०७ सुद्धा होत नाही.

पायरी ६: झोपेत कोण खातंय ते शोधा

आता बेरीज करा. ओलेड ०.६, नाडी ०.०७, ब्लूटूथ लो एनर्जी सेकंदाला एकदा हाक मारत असेल तर अजून थोडे मायक्रोअँपिअर, चांगली चिप झोपेत दोन-चार मायक्रोअँपिअर. १.१९ च्या खूप आत आहोत, आठवडाभर आरामात चालायला हवं. आणि तरी घड्याळ दोन दिवसांत मरतं. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं.

कारण चिप झोपते, बोर्ड झोपत नाही. स्वस्त डेव्हलपमेंट बोर्डवर बहुतेक वेळा एएमएस१११७ नावाचा, व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर असतो, तो काहीही काम नसताना स्वतःच ५ मिलीअँपिअरच्या आसपास पितो. २५० भागिले ५, पन्नास तास, झाले की दोन दिवस! शिवाय त्याला ३.३ व्होल्ट द्यायला वर साधारण एक व्होल्टचं अंतर लागतं, जे ३.७ च्या सेलमध्ये नसतंच. त्याच्या जागी एमसीपी१७०० सारखा, दोन मायक्रोअँपिअरच्या आत भागणारा रेग्युलेटर लावा. मग तो कायम पेटलेला लाल पॉवर एलईडी सोल्डरिंग आयर्नने काढून टाका, तो एकटाच एक-दोन मिलीअँपिअर घेतो, म्हणजे अख्ख्या बजेटएवढा.

मोजायचं कसं? मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावला तर झोपेतला करंट दिसतो, पण चिप जागी झाली की त्या रेंजमधल्या रोधावर एवढं व्होल्टेज पडतं की बोर्ड रीसेट होतो, आणि तुम्हाला वाटतं प्रोग्रॅम चुकला. त्यापेक्षा १० ओहमचा एक रेझिस्टर बॅटरीच्या तारेत टाका आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघा, १ मिलीअँपिअरला १० मिलिव्होल्ट. ऑसिलोस्कोप असेल तर झोप आणि जाग यांचा अख्खा आलेखच दिसतो.

पायरी ७: सोल्डरिंग नकोच असेल तर

तयार पण मोकळी घड्याळं आहेत. बँगल.जेएस २ वर जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतं, थेट ब्राउझरमधून ब्लूटूथने घड्याळात जातं, आणि पडदा १७६ गुणिले १७६ चा, कायम दिसणारा आहे. पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला मी हेच देईन. पाइनटाइम जरा खोल पाण्यातलं, ६४ केबी रॅममध्ये सी++ लिहायचं, पण त्यावर चालणाऱ्या इन्फिनीटाइम या फर्मवेअरचा (घड्याळातल्या मूळ प्रोग्रॅमचा) कोड वाचणं हीच एक शाळा आहे. त्यात नवीन फर्मवेअर टाकलं की सेटिंगमध्ये जाऊन ते व्हॅलिडेट करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला जुनं परत येतं आणि माणूस तासभर शोधत बसतो. ई-पेपर हवा असेल तर वॉची बघा, त्याचं सर्किट उघडं असल्याने कुठे किती करंट जातो ते तारेपर्यंत बघता येतं.

पायरी ८: नवी घोषणा आली की चार प्रश्न

वॅट-अवर दर किलो हा आकडा नुसत्या मटेरियलचा की पूर्ण सेलचा? मटेरियलचा असेल तर डबा, फॉइल, इलेक्ट्रोलाइट धरल्यावर तो बराच खाली येतो. किती सायकल, म्हणजे किती वेळा चार्ज करून वापरला, आणि कुठल्या तापमानाला? इथे एक गणित करून बघा, दर सायकलला ९९.९ टक्के चार्ज परत मिळतो हे ऐकायला केवढं छान वाटतं, पण उरलेला ०.१ टक्का कायमचा जात असेल तर ५०० सायकलनंतर ६० टक्केच उरतात. ९९.९९ असेल तर ९५ उरतात. एका नऊचा एवढा फरक आहे, आणि बातमीत तो नऊ बहुतेक वेळा नसतोच. चार्ज किती वेगाने केला? आणि सेलवर बाहेरून दाब दिला होता का, कारण सॉलिड-स्टेटमध्ये भरपूर दाबाखाली छान चाललेला सेल मनगटावर तसा चालेलच असं नाही. डिस्प्लेच्या बाबतीत निट्सचा, म्हणजे उजळपणाचा, आकडा आला की तो पूर्ण पडद्याचा की एका छोट्या चौकोनाचा, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

हे सगळं करून घड्याळ मनगटावर चढलं की पहिला आठवडा त्यात काही बदलू नका. रोज सकाळी एकाच वेळी बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहा. लिथियम-आयनचं व्होल्टेज वरून भरभर उतरतं, मग ३.७ च्या आसपास बराच काळ रेंगाळतं आणि शेवटी एकदम पडतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घाबरू नका आणि चौथ्या दिवशी खूश होऊ नका. सातव्या दिवशी ३.५ च्या वर असेल तर हिशोब जमला. नसेल तर एकच गोष्ट बदला, नाडीचं अंतर दहाचं पंधरा मिनिटं करा किंवा पडदा पाच सेकंदांऐवजी तीन सेकंदांत विझवा, आणि परत पूर्ण चार्ज करून वहीचं नवीन पान उघडा.